जेवढे काम, तेवढ्याच किल्ल्या

घरातील किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला असावा, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या गाजत आलेला आहे. सासूने सुनेच्या हाती कोठीची किल्ली दिली आणि कपाटाची दिली नाही, तर न मिळालेल्या किल्लीचा सल मिळालेल्या किल्लीच्या आनंदाहून अधिक काळ टिकतो. किल्ली हा खरे पाहता लोखंडाचा तुकडा. परंतु माणसे तिच्यात विश्वास वाचतात आणि किल्ली न मिळणे म्हणजे अविश्वास, असा हिशेब मनाशी मांडतात. हा हिशेब बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

मात्र त्यासाठी आम्ही उदाहरण घेणार आहोत ते घराचे नव्हे, तर संगणकाच्या खोलीचे. कारण तेथे हा प्रश्न दररोज आणि अगदी काटेकोरपणे सोडवावा लागतो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी तरुण-तरुणी आज मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत संगणक-प्रशासक म्हणून काम करतात. मुलगी ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच आईवडिलांना ठाऊक असते. ती तेथे नेमके काय सांभाळते आणि त्या सांभाळण्यात कोणती नैतिक जबाबदारी दडलेली आहे, हे कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे. जी जबाबदारी घरच्यांना समजतच नाही, ती पार पाडताना माणूस एकटा पडतो.

प्रथम ती वस्तू समजून घेऊ. एखाद्या जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदत असतात. प्रत्येकाचा दरवाजा निराळा, चूल निराळी. परंतु जमीन, छप्पर आणि विहीर एकच. तद्वत एका शक्तिशाली संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक नांदवता येतात. त्यांना ‘व्हर्च्युअल मशिन’ म्हणजे आभासी संगणक असे नाव आहे. आत काम करणाऱ्याला आपल्यापुढे एक संपूर्ण संगणक आहे असेच भासते. वस्तुतः त्याच्या वाट्याला मूळ यंत्राचा एक हिस्सा आलेला असतो. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६० च्या दशकात तिची घडण झाली आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती बाजारात आली. पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती साध्या संगणकांपर्यंत पोहोचवली. आज बँक असो, इस्पितळ असो वा महाविद्यालय, तेथील व्यवहार बहुधा अशा आभासी संगणकांवरच चालतात.

आता वाडा म्हटला की कारभारी आला. अनेक बिऱ्हाडांच्या या यंत्राचा कारभार पाहण्यासाठी खास व्यवस्थापन-प्रणाली असतात. व्हिएन्ना येथील एका कंपनीने २००८ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ‘प्रॉक्समॉक्स’ ही त्यांपैकी एक. ती मुक्त असल्याने कोणासही विनामूल्य वापरता येते. तिच्यातील अधिकारांची मांडणी मोठी उद्बोधक आहे. तेथे कोणत्याही परवानगीला तीन अंगे असतात: कोणाला, काय करण्याची आणि कोठे. ‘कोणाला’ याचे उत्तर एखादी व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट. ‘काय’ याचे उत्तर म्हणजे भूमिका. एखाद्या भूमिकेत केवळ पाहण्याचा अधिकार असतो, दुसरीत संगणक चालू-बंद करण्याचा, तिसरीत नवा निर्माण करण्याचा वा असलेला नष्ट करण्याचा. ‘कोठे’ याचे उत्तर म्हणजे वाड्यातील जागा. एखादी खोली, एखादा सोपा, की सगळाच वाडा. अनेक आभासी संगणक आणि त्यांची साठवणीची जागा एकत्र करून एक सामायिक कार्यक्षेत्र आखता येते, त्याला तेथे ‘पूल’ म्हणतात. त्या क्षेत्रावर एका गटाला एक भूमिका दिली की आतील सर्व संगणकांना ती आपोआप लागू होते.

एक उदाहरण कल्पू. एका महाविद्यालयात संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत आणि फीचा हिशेब ठेवणारे कार्यालय आहे. तिघांचे आभासी संगणक एकाच यंत्रात आहेत. प्रशासक तीन गट करतो आणि तीन कार्यक्षेत्रे आखतो. विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या क्षेत्रातील संगणक चालू-बंद करता येतात, परंतु नष्ट करता येत नाहीत. प्राध्यापकांना त्या क्षेत्रात नवे निर्माण करता येतात. हिशेबाचे क्षेत्र मात्र या दोघांना दिसतही नाही. पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी आला की त्याचे नाव गटात घालावयाचे. शिक्षण संपले की काढावयाचे. अधिकार माणसाला चिकटत नाही, कामाला चिकटतो. माणूस कामावर आला की अधिकार येतो, काम संपले की जातो.

येथवर सारे सरळ वाटते. परंतु या प्रणालीचा पहिला नियम ऐकला की मन जरा बिचकते. तो नियम असा: ज्याला स्पष्टपणे काही दिलेले नाही, त्याला काहीच दिलेले नाही. आरंभ नकाराने होतो. परवानगी हाच अपवाद. आपल्या समाजजीवनात आपण नेमके याच्या उलट वागतो. ओळखीच्या माणसाला आपण सारे घर मोकळे करून देतो आणि काही गेले की हळहळतो. ‘विश्वास पानिपतात गेला’ असे थट्टेने म्हणतो. मग प्रश्न उद्भवतो: सहकाऱ्याला आरंभीच नकार देणारी ही व्यवस्था ख्रिस्ती बंधुभावाला साजेशी आहे काय? माणसाकडे प्रथम संशयाने पाहावे, असेच ती शिकवत नाही काय?

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी एक जुनी हकिकत उपयोगी पडेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या दशकात अनेकांनी एकाच वेळी वापरावयाची संगणक-व्यवस्था चालू होती. तिचे प्रमुख शिल्पकार फर्नांडो कॉर्बातो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात त्यांनी एका फजितीचे वर्णन केले आहे. व्यवस्थेची देखभाल करणारे जाणकार सोयीसाठी एकच सामायिक कार्यक्षेत्र वापरीत. एके दिवशी त्यांच्यापैकी एक जण सर्वांना दाखवावयाची दैनिक सूचना दुरुस्त करीत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. लेखन-दुरुस्तीची प्रणाली आपल्या तात्पुरत्या कागदाला नेहमी एकच नाव देई. दोघांचे कागद एकमेकांत मिसळले आणि यादीने सूचनेची जागा घेतली. परिणामी, जो कोणी यंत्रावर येई, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड झळकू लागले.

या हकिकतीत चोर कोणीही नाही. दोघेही प्रामाणिक, दोघेही आपापल्या कामात वाकबगार, दोघांचाही हेतू चांगला. तरीही सर्वांच्या घराच्या किल्ल्या चव्हाट्यावर आल्या. कारण, दोन भिन्न कामे एकाच जागेत आणि सारख्याच अधिकाराने चालू होती. आम्हांला यातून मिळणारा बोध महत्त्वाचा वाटतो. मर्यादा केवळ दुर्जनांसाठी असतात, असे आपण समजतो आणि म्हणून आपल्यावर मर्यादा आली की आपल्याला दुर्जनांत मोजले, असा अपमान वाटतो. परंतु मर्यादेची गरज सज्जनालाही तितकीच असते. त्याची नियत खोटी असते म्हणून नव्हे, तर त्याचे डोळे दोनच असतात, त्याला झोप येते आणि शेजारी कोण काय करीत आहे हे त्याला दिसत नाही म्हणून. अपूर्णता आणि पाप यांतील भेद धर्मशिक्षणात आपण शिकतो. तो येथे लावून पाहावा.

त्याच संस्थेतील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा अभ्यासकांनी १९७५ साली एका निबंधात संगणकातील माहितीच्या संरक्षणाची काही तत्त्वे नमूद केली. त्यांतील एक तत्त्व आज या क्षेत्रात सर्वमान्य झालेले आहे: प्रत्येकाला त्याचे काम पार पाडण्यास लागेल तेवढाच अधिकार असावा, अधिक नसावा. नकाराने आरंभ करावा, हे तत्त्वही त्याच निबंधात आहे. त्यामागील विचार साधा आहे. नकारातून चूक झाली, तर कोणीतरी येऊन ‘मला दार उघडत नाही’ असे सांगतो आणि चूक लगेच दुरुस्त होते. परवानगीतून चूक झाली, तर कोणीच तक्रार करीत नाही. उघडे राहिलेले दार नुकसान होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी हकिकत अधिक गंभीर आहे आणि ती प्रत्यक्ष आभासी संगणकांच्या कारभाराविषयी आहे. शिओनोगी या जपानी औषध-कंपनीच्या अमेरिकेतील शाखेत काम करणाऱ्या एका संगणक-कर्मचाऱ्याचे वरिष्ठांशी बिनसले आणि २०१० साली त्याने राजीनामा दिला. तो गेला, परंतु आत शिरण्याची वाट त्याच्यासाठी बंद झाली नाही. कंपनीच्या यंत्रणेत त्याने आभासी संगणकांची व्यवस्थापन-प्रणाली गुपचूप बसवून ठेवली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जॉर्जिया राज्यातील एका उपाहारगृहात बसून, तेथील सार्वजनिक जोडणीवरून तो कंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि १५ यजमान-संगणकांवरील सुमारे ८८ आभासी सर्व्हर त्याने एकामागून एक पुसून टाकले. कंपनीची टपाल-व्यवस्था, मागण्यांच्या नोंदी, पैशांचे व्यवहार काही दिवस ठप्प झाले. नुकसान ८ लाख डॉलरांहून अधिक झाले. त्याच डिसेंबरात न्यायालयाने त्याला ४१ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

या घटनेचा विचार बहुतेक जण कंपनीच्या बाजूने करतात: किल्ली वेळीच काढून घेतली असती, तर नुकसान टळले असते. हे खरेच. परंतु धर्मगुरू या नात्याने आम्हांला तीच घटना त्या माणसाच्या बाजूनेही पाहावीशी वाटते. तो रागावलेला होता. राग आलेली माणसे आपण रोज पाहतो. राग आला म्हणून प्रत्येक जण गुन्हा करीत नाही. पुष्कळदा रागाच्या भरात हात पुढे होतो, परंतु हाताला काही लागत नाही. दोन दिवसांनी राग निवतो आणि माणूस वाचतो. या माणसाच्या हाताला मात्र ८८ संगणक नष्ट करण्याचे साधन लागले. त्याचा दोष त्याचाच. न्यायालयाने तो ठरवला. तरीही असे म्हणावेसे वाटते की, जाणाऱ्याची किल्ली काढून घेणे ही त्याच्यावरही केलेली दया असते. मोहात पडू देऊ नकोस, अशी प्रार्थना प्रभूने आपल्याला शिकवली. जी प्रार्थना आपण स्वतःसाठी करतो, तिच्यातील मागणी आपल्या सहकाऱ्याच्या बाबतीत जेवढी आपल्या हाती आहे तेवढी पुरी करणे, हे आपले कर्तव्य नव्हे काय?

म्हणून आमचे म्हणणे असे की, अनावश्यक अधिकार न देणारा प्रशासक ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणत नसतो. ‘जे ओझे तुझे नाही, ते मी तुझ्या डोक्यावर देणार नाही’ असे तो म्हणत असतो. ज्याच्याजवळ तिजोरीची किल्ली नाही, त्याच्यावर तिजोरी फुटल्याचा आळही येत नाही. रात्री त्याला शांत झोप लागते. हे भाग्य लहान नव्हे.

सामायिक जागेचा आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे हावरेपणाचा. आणि तोही बहुधा अजाणता होणाऱ्या हावरेपणाचा. आभासी संगणक निर्माण करणे इतके सोपे असते की माणसे ते निर्माण करतात आणि विसरून जातात. प्रयोग करण्यापूर्वी ‘स्नॅपशॉट’ म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद घेऊन ठेवतात आणि ती कधीच काढत नाहीत. ती आतल्या आत वाढत राहते. त्यातच प्रशासकाने प्रत्येकाला प्रत्यक्ष जागेपेक्षा अधिक जागेचे वचन दिलेले असते. सर्व जण एकाच वेळी पूर्ण जागा मागणार नाहीत, या भरवशावर हे वचन उभे असते. ‘थिन प्रोव्हिजनिंग’ असे त्याला म्हणतात. एके दिवशी विहीर आटते आणि ज्याने एक तांब्याही अधिक घेतला नव्हता, त्याच्याही घरचे पाणी बंद होते. एकाच्या विसराळूपणाची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

यावर उपाय काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने जगभरातील सामायिक कुरणे, जंगले आणि पाटबंधारे यांचा आयुष्यभर अभ्यास केला. १९९० साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिने दिलेले स्वित्झर्लंडमधील टर्बेल या गावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या गावाने १५१७ साली नियम केला की, हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कोणी सामायिक डोंगरकुरणावर सोडू नयेत. नियम किती साधा आणि किती न्याय्य! सामायिक वस्तू टिकते ती सर्वांना सर्व काही मोकळे सोडल्याने नव्हे. हक्कदार कोण आहेत आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे ठरवल्याने आणि ते ठरवताना वापरणाऱ्यांनाही विचारल्याने. प्रत्येक गटाला जागेचा ठरावीक वाटा नेमून देणारा आणि सोडून दिलेल्या संगणकांची यादी दरमहा त्या गटापुढे ठेवणारा प्रशासक त्या गावकऱ्यांचेच काम करीत असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. मर्यादा चांगली म्हणून जितकी अधिक तितकी चांगली, असे नव्हे. काही प्रशासकांना नकार देण्यातच सत्तेची गोडी लागते. साधा संगणक बंद करून पुन्हा चालू करावयाचा, तरी अर्ज करा, दोन दिवस थांबा, हात जोडा. याचा परिणाम उलटा होतो. कंटाळलेली माणसे एकमेकांचे पासवर्ड वापरू लागतात. एकाच नावाने पाच जण काम करतात आणि कोणी काय केले याचा पत्ताच लागत नाही. साल्ट्झर आणि श्रोडर यांनी हेही ओळखले होते; संरक्षणाची व्यवस्था माणसाला सहज पाळता येईल अशीच असावी, नाहीतर माणसे ती पाळणार नाहीत, असे त्यांच्या तत्त्वांपैकी एक सांगते. जो नियम प्रामाणिक माणसाला अप्रामाणिक व्हायला लावतो, त्या नियमात दोष आहे.

या ठिकाणी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतील एका तत्त्वाची आठवण होते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, जे काम लहान समूह स्वतः नीट करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्या हातून काढून घेणे अन्यायाचे आहे. ते विधान राज्य आणि समाज यांच्याविषयी होते. परंतु संगणकाच्या कार्यक्षेत्रांना ते जसेच्या तसे लागू पडते. प्रयोगाच्या क्षेत्राचा कारभार त्या प्राध्यापकांच्याच हाती सोपवावा. तेथे कोणाला घ्यावे, कोणता संगणक ठेवावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मुख्य प्रशासकाने सगळ्या वाड्याची भिंत आणि छप्पर पाहावे. अशी वाटणी करता येण्याची सोय प्रणालीत असते. नसते ती पुष्कळदा प्रशासकाच्या मनात. ‘कामापुरताच अधिकार’ या तत्त्वाला म्हणूनच दुसरी बाजू आहे: कामाला लागेल तेवढा अधिकार पुरेपूर मिळाला पाहिजे. काम सोपवायचे आणि किल्ली अडवून धरायची, हाही अन्यायच.

गटांच्या पद्धतीतही एक धोका आहे. गटामुळे पक्षपात टळतो, हे खरे. तोंड पाहून नव्हे, काम पाहून अधिकार मिळतो. परंतु प्रत्येक प्रणालीत अपवादाची खिडकी ठेवलेली असते. प्रॉक्समॉक्समध्ये एखाद्या व्यक्तीला स्वतंत्रपणे दिलेली परवानगी त्याच जागी गटाच्या परवानगीला बाजूस सारते. अडचणीच्या प्रसंगी ही खिडकी उपयोगी पडते; मात्र ओळखीच्या माणसासाठी, साहेबांच्या शब्दासाठी, ‘आजच्या दिवसापुरते’ म्हणून तीच उघडली जाते आणि उघडीच राहते. वर्षभराने कोणाला आठवतही नाही की, अमक्याला हा अधिकार का मिळाला. यंत्र अपवाद लक्षात ठेवते. त्याचे कारण लक्षात ठेवीत नाही. ते माणसानेच लिहून ठेवावे लागते. ज्या अपवादाचे कारण आपल्याला चारचौघांत सांगता येत नाही, तो अपवाद न करणे बरे.

आणि आता सर्वांत कठीण प्रश्न. इतरांना कामापुरता अधिकार देणाऱ्याचा स्वतःचा अधिकार किती? या व्यवस्थांच्या मुळाशी एक सर्वाधिकारी खाते असते. ‘रूट’ असे त्याचे नाव. त्याला कोणतेही दार बंद नसते. मूळ यंत्रावर ज्याची अशी सत्ता आहे, त्याला आतील आभासी संगणकाची संपूर्ण साठवण उचलून नकलून घेता येते. ती आधीच कुलूपबंद केलेली नसेल, तर वाचताही येते. हिशेब कोणाचा, पत्रे कोणाची, पगार किती, आजार कोणता, सारे. बिऱ्हाडकरू झोपलेला असताना कारभारी त्याच्या खोलीत फिरून येऊ शकतो आणि सकाळी काहीही हललेले नसते. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला बाहेरचा. साल्ट्झर आणि श्रोडर यांच्या तत्त्वांत दोन किल्ल्यांचेही तत्त्व आहे: एकाच माणसाच्या हातून उघडणाऱ्या कुलपापेक्षा दोघांनी मिळून उघडावयाचे कुलूप अधिक भरवशाचे. बँकेच्या लॉकरला एक किल्ली ग्राहकाची आणि एक बँकेची लागते, हे आपण सारे जाणतो. तसेच, प्रशासकाच्या प्रत्येक कृतीची नोंद होते; परंतु ती नोंदवही त्याच्याच यंत्रात असली, तर तिला अर्थ उरत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्याच्या ताब्यात असावी. विवेकी प्रशासक स्वतःच हे मागून घेतो. रोजच्या कामासाठी तो साधे खाते वापरतो. सर्वाधिकारी खात्याला गरज पडेल तेव्हाच हात लावतो आणि त्याची किल्ली आपल्या पश्चात कोणाला, कशी मिळेल याची व्यवस्था लावून ठेवतो.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठांसाठी जो नियमग्रंथ लिहिला, त्याच्या ३२ व्या प्रकरणात मठातील हत्यारे आणि सामान यांविषयी सूचना आहेत. ज्यांच्या वागणुकीवर भरवसा आहे अशा बंधूंकडे ती सोपवावीत. आणि मठाधिपतीने त्यांची यादी ठेवावी, म्हणजे एका बंधूचे काम दुसऱ्याकडे जाताना आपण काय दिले आणि काय परत आले, हे त्याला कळेल. येथे भरवसाही आहे आणि यादीही आहे. त्या संताला या दोहोंत विरोध दिसला नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनेही, ५३७ व्या कलमान्वये, प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे बंधन घातले. धर्मगुरूंच्या प्रामाणिकपणावर अविश्वास दाखवण्यासाठी ते कलम आलेले नाही. सामायिक धनाचा कारभार एकट्याने करू नये, एवढेच ते सांगते. आणि आम्ही धर्मगुरूंनी त्याबद्दल कृतज्ञच असावे.

दुसरा उपाय आतला. तो कोणत्याही प्रणालीत मिळत नाही. दार उघडे आहे, पाहणारा कोणी नाही, नोंदही पुसता येईल. तरी ‘हे माझे काम नव्हे’ म्हणून परत फिरणे. पाहता येणे आणि पाहण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यंत्राला त्यांतील पहिलीच कळते. ज्याला परवानगी आहे त्याला ते दाखवते. दुसरी केवळ सद्‌सद्विवेकबुद्धीला कळते. ही बुद्धी एकाएकी संगणकाच्या खोलीत उगवत नाही. दुसऱ्याचे पत्र उघडू नये, बहिणीची वही तिला विचारल्यावाचून वाचू नये, उसने आणलेले भांडे वेळेवर परत करावे, हे ज्या घरात शिकवले जाते, त्या घरातून ती त्या खोलीपर्यंत जाते.

आपल्या मुलामुलींपैकी कोणी अशा कामावर असेल, तर आईवडिलांनी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्याकडे अशी कोणती किल्ली आहे, जी तुझ्या कामाला लागत नाही? ती परत कर. जे सोडून गेले, त्यांच्या किल्ल्या तू गोळा केल्यास का? आजच्या आज कर. त्यांच्यावर राग म्हणून नव्हे, तर त्यांच्याही भल्यासाठी. आणि ज्याला तू नकार दिलास, त्याला कारण सांगितलेस का? कारण, नकार देताना यंत्र फक्त ‘परवानगी नाही’ एवढेच दाखवते. उठून त्याच्या टेबलापाशी जाऊन, हा नकार तुझ्या माणुसकीला नाही, फक्त या दाराला आहे, हे समजावणे आणि त्याची गरज खरी असेल तर दार उघडून देणे, हे प्रशासकाचे काम आहे. त्यासाठी लागणारे दोन शब्द त्याला घरीच शिकावे लागतात. आणि सुनेला कपाटाची किल्ली न देणाऱ्या सासूनेही ते दोन शब्द बोलून पाहावेत.